पॉलिसी आहे, पण सोनौलीपर्यंतच

प्रश्न : मी सेलूचा. कृषी सेवा केंद्र चालवतो. येत्या ऑक्टोबरात पन्नास पूर्ण होतात, त्या निमित्ताने आम्ही चार मित्रांनी आपापल्या गाड्यांवर नेपाळला मुक्तिनाथपर्यंत जायचं ठरवलंय. रब्बीच्या बियाण्याची गडबड ओसरली की नोव्हेंबरअखेर निघू. माझ्याकडे ३५० सीसीची बुलेट आहे, थोरल्या भावाच्या नावावर. बायको मागे बसणार, मुक्तिनाथ तिचाच नवस आहे. मला शुगर आहे, गोळी चालू आहे. एजंट म्हणतो, "गाडीला पाच वर्षांचा इन्शुरन्स हाय, अन् नेपाळ काय परदेश हाय व्हय?" पुण्यातला मुलगा म्हणतो, मोबाइलवरून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा, हजार-बाराशेत काम होतं. कोणती पॉलिसी घ्यावी? मुलगा स्वतः फेब्रुवारीत मित्रांबरोबर व्हिएतनामला भाड्याच्या गाडीवर फिरणार आहे. त्याला काय सांगू?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "थोरल्या भावाच्या नावावर." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मी आयुष्यभर विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बसलेला माणूस, माझा डोळा आधी तिथंच गेला. आपल्याकडे अर्ध्या गाड्या वडिलांच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते क्लेमच्या दिवशी.

गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. मृत्यू आला, किंवा दोन हात, दोन पाय, दोन्ही डोळे यांसारखं काही गेलं तर पूर्ण रक्कम. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. पण हे पैसे मालकाला, तो स्वतः चालवत असेल तर. तुमच्या बाबतीत मालक सेलूत दुकानावर बसलेला आणि चालवणारा पोखऱ्याच्या पुढं चिखलात. म्हणजे दरवर्षी ज्याचे पैसे भरले जातात ते संरक्षण तुम्हाला लागूच नाही. गाडी नावावर करून घ्यायला अजून वेळ आहे. केलीत, तर आरटीओत नाव बदलल्यावर चौदा दिवसांत पॉलिसीवरही नाव बदलायला अर्ज द्या, लोक हे हमखास विसरतात. नाव बदलायचं नसेल तर स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. अशा पॉलिसी बहुतेक जगभर चालतात, पण घेण्याआधी कागदावर तसं लिहिलेलं आणि दुचाकी चालवण्याला बाधा नसलेली बघा. आणि भावाचं संमतीपत्र सोबत ठेवा, नाक्यावर विचारतील.

वहिनींचं काय? मागे बसणाऱ्याला हा मालक-चालकाचा विमा मुळात नसतोच. थोडा जादा प्रीमियम भरून मागच्या सीटसाठी अपघात संरक्षण जोडता येतं. एजंट स्वतःहून सांगत नाहीत. तुम्ही मागा.

आता तुमच्या एजंटाकडे वळू. त्याचं अर्धं वाक्य खरं आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्या कागदावर मोठ्या अक्षरात पाच वर्षांपुढची तारीख असते, ती बघून माणूस निर्धास्त होतो. पण ते समोरच्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज, बऱ्याचदा एकाच वर्षाचं घेतलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षी कुणी भरत नाही. पॉलिसी काढून बघा. तारखा दोन असतील, दोन्ही वाचा.

त्याचं दुसरं वाक्य मात्र साफ चूक. जायला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर प्रवेश मिळतो, हे सगळं ठीक. पण आपल्या मोटार पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. सीमेवरच्या सोनौलीची कमान ओलांडली की गाडीचा विमा मागे राहिला. ही हद्द वाढवता येते. मोटार विम्यात त्यासाठी आयएमटी १ नावाची जोडणी आहे, तिच्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे देश येतात. जादा प्रीमियम किरकोळ असतो. कार्यालयात जाऊन "जिओग्राफिकल एरिया एक्स्टेन्शन" एवढे तीन शब्द सांगा आणि मिळालेल्या कागदावर दोन गोष्टी तपासा : देशाच्या जागी नेपाळ लिहिलंय का, आणि कधीपासून कधीपर्यंत. त्या जोडणीला तारखा असतात. दरड कोसळून दोन दिवस अडकलात तर काय, म्हणून परतीच्या तारखेपुढं चार-पाच दिवस जास्तीचे घ्या. नेपाळात कुणाला धक्का लागला तर थर्ड पार्टीचा आधारही याच जोडणीवर उभा आहे. ट्रॅव्हल पॉलिसीत "पर्सनल लायबिलिटी" असं छापलेलं असतं, ते वाचून फसू नका. गाडी चालवताना झालेली जबाबदारी त्यातून सहसा वगळलेली असते.

आता मुलाने सांगितलेली पॉलिसी. मुलगा चुकीचं सांगत नाहीये. तुमची घरची मेडिक्लेम बहुतेक भारतातल्या दवाखान्यापुरतीच असणार, त्यामुळे नेपाळातल्या उपचारासाठी ट्रॅव्हल पॉलिसी हवीच, आणि ती निघण्याआधी, भारतात असतानाच घ्यावी लागते. पण मोबाइलवर जे हिरवं पान दिसतं, पन्नास हजार डॉलर, सामान हरवलं, विमान चुकलं, त्यातलं तुमच्या कामाचं थोडंच. तुमचं विमानच नाही. तुमच्या कामाचं आहे ते शेवटचं पान, ज्याच्यावर "काय मिळणार नाही" ते लिहिलेलं असतं. मी तर नवीन मुलांना सांगायचो की पॉलिसी मागून पुढं वाचा.

त्या पानावर दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते कंपनीगणिक बदलतं. कुठं काहीच नसतं. कुठं मोटरसायकल "साहसी खेळ" या डब्यात टाकलेली असते. कुठं सीसीची मर्यादा, कुठं हेल्मेटची अट, कुठं ठरावीक उंचीच्या वर संरक्षण नाही. मुक्तिनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे, म्हणून ही उंचीची ओळ तुमच्यासाठी फार महत्त्वाची. दारूची ओळ मात्र सगळीकडे असते. पोखऱ्याच्या तळ्याकाठी संध्याकाळी "एकच" झाली आणि मग गाडीवर हॉटेलकडे निघालात, तर पॉलिसी आणि नेपाळचे पोलीस दोघंही सोडणार नाहीत. ते त्या तपासणीला "मापसे" म्हणतात, मादक पदार्थ सेवन.

एक फाइल मला अजून आठवते. आपल्याच भागातला तरुण, थायलंडला गेला, स्कूटर भाड्याने घेतली, वळणावर घसरला, मांडीचं हाड मोडलं. टेबलावर तीन कागद होते. दवाखान्याचं बिल, पोलिसांचा कागद आणि लायसन्सची झेरॉक्स. बिल खरं होतं, अपघात खरा होता. लायसन्सवर मात्र फक्त एलएमव्ही. चारचाकीचं. पोरगं शाळेत असल्यापासून गावात दुचाकी चालवत होतं आणि दुचाकीचं लायसन्स त्याने कधी काढलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तो क्लेम नामंजूर करणारी सही माझी आहे. त्याचे वडील दोनदा कार्यालयात आले, दुसऱ्या वेळी नुसतेच बसून राहिले. नियमाप्रमाणे माझं चुकलं नव्हतं. तरी सांगतो, पॉलिसी विकताना त्याला लायसन्सबद्दल एक प्रश्न कुणी विचारला असता, तर ती फाइल तयारच झाली नसती.

म्हणून तुमचं लायसन्स आज रात्री काढून बघा. त्यावर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, लिहिलेलं पाहिजे. आणि दुसरं, तुमच्या पत्रात लपलेलं : ऑक्टोबरात पन्नास पूर्ण. मोटार वाहन कायद्यात २०१९ चा बदल होण्याआधी लायसन्स वीस वर्षांसाठी किंवा पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोवर मिळायचं. तुमचं त्या काळातलं असेल तर ते वाढदिवसाला संपेल आणि तुम्ही नोव्हेंबरात संपलेल्या लायसन्सवर नेपाळात गाडी चालवत असाल. मग कितीही महाग पॉलिसी घेतली तरी उपयोग नाही. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं. डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल, तेवढं घ्या. तुमच्या तिन्ही मित्रांचीही तपासा, ते तुमच्याच वयाचे असणार.

शुगरचं लपवू नका. फॉर्मवर "कोणताही जुना आजार नाही" असं बोटाने दाबून पुढं जायला दोन सेकंद लागतात, आणि तीच दोन सेकंदं पुढं कंपनीला कामाला येतात. खरं सांगितलंत तर काही कंपन्या जास्त प्रीमियम घेतील, काही जुन्या आजाराबाबत फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा खर्च देतील. देऊ द्या. निदान हाड मोडल्याच्या क्लेमवर "माहिती लपवली" हा शेरा बसणार नाही. उंचीवर शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरला विचारा, मला नको.

पॉलिसी निवडताना मी एकाच गोष्टीवर पैसे जास्त टाकेन : हलवण्याचा खर्च, म्हणजे मेडिकल इव्हॅक्युएशन. बेनीच्या पुढं काली गंडकीच्या खोऱ्यातून वर जाणारा रस्ता बघितलेल्यांना सांगायला नको. खडी, चिखल, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नदी. त्या खोऱ्यात दुपारनंतर असा वारा सुटतो की जोमसोमची विमानं सकाळीच उडतात. तिथं पाय मोडला तर खरा प्रश्न "पोखऱ्याला कसं न्यायचं" हा आहे, दवाखान्याचं बिल त्यानंतर. तुमची पॉलिसी हेलिकॉप्टरचा खर्च देते का आणि आधी कुणाची परवानगी लागते, हे विचाराच. २०१८ मध्ये नेपाळात ट्रेकिंगला आलेल्यांना गरज नसताना हेलिकॉप्टरने उतरवून विमा कंपन्यांना फुगवलेली बिलं लावल्याचं प्रकरण गाजलं होतं. त्यामुळे विमा कंपनीच्या मदत केंद्राला न कळवता हेलिकॉप्टर मागवलंत तर बिल अडकलंच म्हणून समजा. भारतात परत आणण्याचा खर्चही त्यात असेल तर उत्तम. गोरखपूर-लखनऊच्या दवाखान्यात पोहोचलात की तुमची घरची मेडिक्लेमही कामाला येऊ शकते.

आता कंपनीला विचारायचं कसं? फोनवर नाही. फोनवर सगळेच "हो सर, कव्हर होतं" म्हणतात. ई-मेल करा, आणि असं लिहा :

"मी स्वतः ३५० सीसी मोटरसायकल चालवत रस्त्याने नेपाळला जाणार आहे, पत्नी मागे बसेल. मुक्तिनाथपर्यंत, साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर जाऊ. मला मधुमेह आहे. गाडी चालवताना अपघात झाल्यास आम्हा दोघांचा उपचाराचा आणि हेलिकॉप्टरसह हलवण्याचा खर्च मिळेल का? पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार?"

उत्तरात कलमाचा नंबर आला तर पैसे भरा. "कृपया पॉलिसी वर्डिंग पाहावे" असं आलं तर दुसरी कंपनी बघा. दोन-तीन ठिकाणी पाठवा. मी कंपनीचं नाव सांगत नाही याचं कारण हेच, शब्द दरवर्षी बदलतात, आणि मला तीन वर्षांपूर्वी चांगली वाटलेली पॉलिसी आज तशी असेलच असं नाही. पॉलिसीवर प्रदेशही बघा, बऱ्याच ठिकाणी "आशिया, जपान वगळून" असा गट असतो. नेपाळ त्यात धरलेलं आहे ना, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारून घ्या.

एक अडचण रस्त्याने जाणाऱ्यांनाच येते. ट्रॅव्हलचा क्लेम करताना पासपोर्टवरचे ये-जा केल्याचे शिक्के मागतात. भारतीय माणूस सोनौलीहून चालत किंवा गाडीवर नेपाळात शिरला तर त्याच्या पासपोर्टवर बहुधा शिक्का बसत नाही. मग तुम्ही नेपाळात होता याचा पुरावा काय? गाडीची भन्सारची पावती. भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम, गाडी नेण्यासाठी दिवसाप्रमाणे पैसे भरून तो परवाना घ्यावा लागतो. ती पावती, पेट्रोलच्या पावत्या, लॉजची बिलं, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून घरी मुलाला पाठवत राहा. पावसात कागद भिजतात, फोटो भिजत नाहीत.

अपघात झालाच तर कळवायची घाई करा. तुम्ही कृषी केंद्रवाले, पीक विम्याचं तुम्हाला सांगायला नको. ७२ तासांत कळवलं नाही म्हणून शेतकरी कसे हात चोळत बसायचे ते तुम्ही दुकानावर बघितलंय. ट्रॅव्हल पॉलिसीत तर शक्यतो दाखल होतानाच कळवायचं असतं. इथं एक गंमत होते : कार्डावर छापलेला १८०० चा नंबर परदेशातून लागत नाही बऱ्याचदा. कंपनीचा +९१ ने सुरू होणारा साधा नंबर आणि ई-मेल आधीच लिहून घ्या, आणि नेपाळचं सिम पहिल्याच दिवशी घ्या. गाडी मोडली तर फोटो काढा, पोलिसांचा कागद घ्या, आणि कंपनीने सांगितल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका. मेस्त्री चांगलेच भेटतील, आपल्या वाळूजच्या बजाजच्या गाड्या नेपाळात पैशाला पासरी आहेत. बुलेटचं मात्र क्लच केबल आणि ट्यूब सोबत ठेवा. हे विम्यात येत नाही, पण राहवलं नाही.

आणि तरीही क्लेम नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. मराठवाडा त्यांच्याच कक्षेत येतो, फी नाही, वकीलही लागत नाही.

मुलाला सांगा, व्हिएतनामचं गणित वेगळं आहे. आपली आरटीओ जे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट देते ते १९४९ च्या जिनिव्हा कराराचं. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, १९४९ च्या नाही. म्हणजे हजार रुपये भरून काढलेलं परमिट तिथं चालत नाही, आणि ५० सीसीच्या वरची गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. भाड्याने देणारा हे बोलणार नाही, तो गाडी देतो आणि पासपोर्ट ठेवून घेतो. पण क्लेम खात्यातला माझ्यासारखा कुणीतरी लायसन्सची झेरॉक्स मागेल. उत्तरेकडच्या हा जियांगच्या डोंगरात स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरायची सोय आहे, त्याला तिकडं ईझी रायडर म्हणतात. तरुणांना ते कमीपणाचं वाटतं. त्याला म्हणावं, आईसुद्धा मागेच बसून मुक्तिनाथला जाणार आहे. मागे बसणाऱ्याचा अपघात कव्हर होतो का, हे मात्र त्यानेही ई-मेलवर विचारावं.

अजून एक. तुमच्या पत्रासोबत मित्रांनी छापायला दिलेल्या फ्लेक्सचा फोटो आला आहे. "सेलू ते मुक्तिनाथ भव्य बाइक रॅली", वर चौघांचे चष्मे घातलेले फोटो. शर्यत आणि रॅली हे शब्द विम्याच्या कागदात वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतात. फ्लेक्सवरून कुणी क्लेम नाकारेल असं नाही, पण फेसबुकवर तोच शब्द, तोच फोटो आणि खाली गाडीच्या वेगाचा व्हिडिओ असं सगळं एकत्र कशाला ठेवायचं? "यात्रा" लिहा. नवस फेडायलाच निघालात ना.

सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच वहिनींच्या पर्समध्ये ठेवा, टँकवरच्या बॅगेत नको. गाडी दरीत गेली तर ती बॅगही तिच्यासोबत जाते.